विषय: सतीच्या दगडाकडे वर्ग नेण्याबाबत

शालन, तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. लोकांना वाटतंय, मैत्रीण गेली म्हणून सुमनबाई गप्प झाल्या. तसं काही नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी सवय फार जुनी. घंटा झाली की तू खडूची पेटी उचलायचीस, "उरलेला उद्या" म्हणायचीस आणि वर्गावर चालती व्हायचीस. मी स्टाफरूममध्ये उत्तर तयार ठेवून बसलेली असायचे. आताही तशीच बसले आहे.

तेराव्याला तुझ्या लेकीनं लावलेला फोटो बघून मला हसू आवरेना. इतका गंभीर चेहरा तू पासपोर्टसाठी केलेलास, आणि तो पासपोर्ट शेवटी कुठेच वापरला नाहीस. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं उत्तम झालं होतं. तू असतीस तर तिसऱ्यांदा वाढून घेतलं असतंस. कोणीतरी उठून बोललं की शालनबाई अत्यंत कडक शिस्तीच्या होत्या. ते ऐकून मी मोठ्यानं हसले. माझ्या दिरानं, भाईनं, माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मुलांबरोबर शाळेच्या मागच्या दगडी गडग्यावर बसून तिखटमीठ लावलेली कैरी खाणारी बाई कडक शिस्तीची! कडक मी होते. मला मुलं मागून काय म्हणत ते तुला माहीत होतं आणि निवृत्त होईपर्यंत तू मला सांगितलं नाहीस.

घरी येऊन मी कपाटातली फाईल काढली. तीच, तुझ्या अर्जांची. एकूण एकोणीस अर्ज, सगळ्यांवर तुझी ती उजवीकडे कलंडलेली सही, आणि सगळ्यांवर माझा, मुख्याध्यापिकेचा, लाल शाईतला शेरा: नामंजूर.

सुरुवात कशी झाली ते तुला सांगायची गरज नाही, पण मला एकदा सांगायचंय, कारण माझी बाजू तू कधी सरळ ऐकून घेतली नाहीस. सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ होती, सतीची चाल कायद्यानं बंद झाली अशा अर्थाची. परीक्षेत एका मार्काला यायची. मुलं पाठ करायची, एक मार्क घ्यायची आणि विसरायची. तुझं म्हणणं, बंद काय झालं ते सांगायचं तर आधी चालू काय होतं ते नको सांगायला? आणि चालू काय होतं ते सांगायला आपल्याला लांब जायची गरजच नव्हती. शाळेपासून दहा मिनिटांवर, सुरंगीच्या झाडाखाली आमच्या घराण्याच्या सतीचा दगड उभा. कोपरात वाकलेला एक हात, हातात चार बांगड्या, वर सूर्य-चंद्र. मुलं रोज त्याच्यावरून शाळेत यायची. त्यांच्यासाठी ती "हातवाली बाय". आमच्या घरात मुलीचं लग्न ठरलं की पहिली ओटी ह्या बायची. बायका सुरंगीच्या फुलांचा वळेसर वाहणार, घरातला एक पुरुष सगळ्यांसाठी मागणं मागत गाऱ्हाणं घालणार, आणि सगळे हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणणार.

तू न विचारता सातवीचा वर्ग घेऊन तिथे गेलीस. एका शनिवारी, शेवटच्या तासाला. मुलांना सांगितलंस की हा हात एका मुलीचा आहे. तिचा नवरा मेला, आणि त्याच्याबरोबर तिला जिवंत जाळली. पहिल्या रांगेतल्या नयननं विचारलं, "बाई, ती रडली काय ओ?"

तू खोटं बोलू शकली असतीस. कोणीही मोठं माणूस बोललं असतं. तू म्हणालीस, "माका ठावक नाय गो. कोणी लिवन ठेवल्यान नाय." आणि तेवढ्यात शाळा सुटली.

नयन घरी गेली ती जेवलीच नाही. रविवारीही नाही. चुलीजवळ जाईना. पंधरा दिवसांवर तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं, आणि बहिणीला नवरा बघायला आल्यापासून जी मुलगी साडी कोणती नेसायची याच्यावरून घर डोक्यावर घेत होती, ती बहिणीला मिठी मारून सोडेना. सोमवारी तिचा बाप माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. त्यानं आवाज चढवला नाही. तो एवढंच म्हणाला की बाई, तुमची शाळा दीडला सुटते, पुढचं आम्ही बघतो. मला त्याचं पटलं. आजही पटतं. तू मुलांना आगीच्या तोंडाशी नेऊन उभं करायचंस आणि त्यांना परत आणायचं काम त्यांच्या आयांनी करायचं, हा कुठला न्याय?

त्याच दिवशी मी लेखी सूचना काढली: यापुढे मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय कोणताही वर्ग शाळेबाहेर नेऊ नये. तू सही केलीस, सूचनेतली शुद्धलेखनाची चूक दाखवलीस आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज ठेवलास. विषय: सतीच्या दगडाकडे वर्ग नेण्याबाबत.

मी तो फेटाळला. पुढच्या वर्षी तू पुन्हा दिलास. त्याच्या पुढच्या वर्षी विषय होता, सुरंगी वृक्षाचे निरीक्षण. मग परिसर स्वच्छता. मग चित्रकलेच्या वर्गासाठी मानवी हाताचा अभ्यास. एका वर्षी तर तू कवायतीच्या सरांची सही घेऊन आलीस की मुलांना चालण्याचा व्यायाम हवा, आणि चालायला दहा मिनिटांचं अंतर उत्तम. दर वेळी मी शेरा मारायचे, तू अर्जाची पोच घ्यायचीस, आणि मग आपण दोघी एकाच डब्यातले घावणे खायचो. शिपाई गोंधळून जायचा. त्याला वाटायचं, ह्या बाया भांडल्या आहेत की नाहीत ते एकदा ठरवा.

पण तू शिकलीस, हे मला मान्य करायलाच हवं. नयनच्या घरी तू स्वतः गेलीस. तिच्याबरोबर पेजेला बसलीस, ती जेवेपर्यंत उठली नाहीस. त्यानंतर तुझे नियम झाले. वाईट धडा शनिवारी नाही आणि शेवटच्या तासाला तर नाहीच. मंगळवारी, पहिल्या तासाला, म्हणजे मुलांना दिवसभर हसायला, भांडायला, खेळायला वेळ मिळतो. झालं ते लपवायचं नाही, पण कसं झालं याची वर्णनं करायची नाहीत. सगळ्यांचे प्रश्न संपल्याशिवाय फळा पुसायचा नाही. आणि शेवटी प्रत्येकानं उठून सांगायचं, आज सकाळी काय खाल्लं. या शेवटच्या नियमाला मी किती हसले होते. तू म्हणालीस, पोर आपल्या पेजेपर्यंत परत आलं की कळतं ते घरी पोचलं.

त्याच रीतीनं तू साथीत ओस पडलेल्या वाडीबद्दल शिकवलंस. आपल्याच गावात पाणवठ्यावर कोणाला येऊ द्यायचे नाहीत आणि त्यांच्या ओंजळीत वरून पाणी कसं ओतायचे, तेही शिकवलंस. त्या वर्गात ओतणाऱ्यांची पोरं होती आणि ओंजळ धरणाऱ्यांचीही. मी दाराबाहेर उभी होते, कोणी रडायला लागलं तर आत शिरायचं म्हणून. कोणी रडलं नाही. शेवटी एकजण उठून म्हणाला, मी बांगड्याचं तिखलं आणि काल उरलेली भाकरी खाल्ली, आणि दुसरा म्हणाला, मग माझ्यासाठी का नाही आणलंस. मी तशीच ऑफिसात परत गेले.

तुझा सगळ्यात झोंबणारा वार स्नेहसंमेलनाच्या वर्षी. मी बसवलेलं लढाईचं नाटक, पुठ्ठ्याच्या तलवारी, एकामागून एक पडणारे मावळे. मी शिंप्याकडून फडकी आणवून ती तांबड्या रंगात भिजवली होती. मुलं मरायला इतकी उतावीळ की दोघंजण मेल्यावर पुन्हा उठून मेले. प्रेक्षकांनी टाळ्यांनी मंडप उचलला. मी फुगून विंगेत आले, तर तू तिथे रंगाच्या बादलीशेजारी उभी.

"हजार माणसा मेली ती पोरा टाळये वाजवन ऐकतत," तू म्हणालीस, दगडातल्या त्या मुलीचाच विषय काढून. "एक चेडू मेला, ता तेवढा ऐकाचा नाय?"

मी त्या वेळी म्हटलं की मेकअपचं सामान कुठे ठेवलंय ते बघ. दुसरं मला सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही, पण ते तुला तोंडावर सांगणं मला परवडलं नसतं.

आणि तो निळा रंग! भाईनं होडी रंगवायला काढली, अर्धा डबा उरला. वाया कशाला घालवायचा म्हणून त्यानं सतीचा दगड रंगवला. पाठीमागे आकाशासारखा निळा, हात गुलाबी, बांगड्या हिरव्या. मी कपाळाला हात लावला, तर तो अभिमानानं म्हणाला, "रंग होडयेचो आसा वयनी, धा वर्सां हलाचो नाय." खाऱ्या पाण्यात टिकणारा रंग त्यानं बाईला दिला होता, मनापासून, आपल्या होडीइतकंच जपून. तू बघायला आलीस आणि झाडाखालच्या चिऱ्यावर बसून पोट धरून हसलीस. मी रागावले, कारण आमच्या घराण्याला हसायचा हक्क माझा होता. हसता हसता तू एकदम थांबलीस आणि म्हणालीस, हिचं नावसुद्धा कोणाला माहीत नाही ना गं? मी म्हटलं, नाही.

ते खरं होतं. नाव मला माहीत नाही. पण बाकीचं माहीत होतं, शालन.

हे मी तुला एकोणीस वर्षं सांगितलं नाही. आता सांगते. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूबाई कुळथाची पिठी ढवळत होत्या आणि मी बाजूला बसून खोबरं किसत होते. काही कारण नसताना त्या बोलायला लागल्या. म्हणाल्या, हे मला माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. थोरल्या सुनेनं थोरल्या सुनेला सांगायचं, पुरुषांच्या कानावर घालायचं नाही. मग त्यांनी अंगणात खेळणाऱ्या शेजारच्या परकरातल्या मुलीकडे बोट केलं. एवढीच होती, म्हणाल्या.

"ती पळालली गो. खाडयेपर्यंत गेल्ली. तरीवाल्यान पलतडी न्हेल्यान नाय."

पलीकडच्या काठावर तिचं माहेर होतं. पलीकडे नेणारी होडी होती, पाणी होतं, होडी चालवणारा माणूस होता. त्यानं नेलं नाही. आमच्या घरची माणसं गेली आणि तिला घेऊन आली. मग सासूबाईंनी पिठीत मीठ घातलं आणि आता पानं घे म्हणाल्या.

म्हणजे नयनच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. तू मुलांसमोर "माका ठावक नाय" म्हणालीस तेव्हाही होतं, आणि मी लाल शाईनं नामंजूर लिहीत होते तेव्हाही. मी मुलांच्या मनाला जपत होते, हे खोटं नाही. पण त्या जपण्याच्या आड मी आमचं घर जपत होते, हेही तेवढंच खरं. गाऱ्हाण्यात दर वेळी जे म्हणतात ते तू ऐकलं आहेस. "बाये माउली, तू राजीखुशीन घोवावांगडा आगीत गेलंस, तशीच ह्या चेडवाक राजीखुशीन सासराक धाड." नवऱ्याबरोबर आनंदानं आगीत गेली, तशी आनंदानं ही सासरी जाऊ दे. आणि आम्ही सगळ्या, पदर डोक्यावर घेऊन, व्हय म्हाराजा. माझ्या स्वतःच्या लेकीच्या लग्नात मी म्हटलं. 'राजीखुशीन' हा शब्द आला की मी पदर आणखी पुढे ओढायचे, पण व्हय म्हणायचे.

तुला सांगायचं मी ठरवलं होतं, हे तुला खोटं वाटेल. निवृत्त झाल्यावर तरी सांगायला हरकत नव्हती. तू तर निवृत्तीनंतरही दर वर्षी अर्ज द्यायची थांबली नाहीस, मजा म्हणून, मी कसली मुख्याध्यापक उरले होते? तरी तू लिफाफा आणायचीस आणि मी शेरा मारायचे. माझी सून ठाण्याला. तिला मी कधी काही सांगितलं नाही. कुळथाची पिठी ती करत नाही हे एक कारण, आणि तिनं ते तिच्या लेकीला सांगितलं असतं हे दुसरं. म्हणजे माझ्याबरोबर ती खाडीपर्यंत धावलेली मुलगीही संपणार होती. हा विचार मला गेल्या वर्षी आजारपणात पहिल्यांदा आला, आणि मी घाबरले.

म्हणून मी गेल्या महिन्यात तुझ्याकडे आले होते. मुद्दाम. तू दारातच म्हणालीस की आधी तिसऱ्या खा, मग काय ता बोल. खाडीतल्या शिंपल्यांची, तिसऱ्यांची, एकशिपी केली होतीस, आणि ती तू करायचीस तशी कोणाला जमत नाही. मी खाल्ली. मग तू नातवाचे व्हिडिओ दाखवलेस. मग तुझी ती शेजारीण आली. मग मला घरी सोडायला रिक्षा आली. निघताना तू या वर्षाचा लिफाफा माझ्या पर्समध्ये कोंबलास आणि म्हणालीस, निवांत शेरा मार, घाई नाय. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते, मला काहीतरी सांगायचंय. तू म्हणालीस, "सांग गो. मी खंय जातंय?"

यासाठी मी तुझ्यावर चिडले आहे.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नयन घरी आली. तुझी नयन, आता आपल्याच शाळेत इतिहास शिकवते, हे तू जिथे भेटेल त्याला सांगत सुटायचीस. ती म्हणाली, मंगळवारी पहिल्या तासाला सातवीला दगडाकडे नेणार आहे, बाईंच्या आठवणीसाठी. आताच्या मुख्याध्यापकांनी हो म्हटलंय, पालकांनाही विचारलंय. तुम्ही याल का? मी तिला विचारलं की तुला त्या वेळी इतका त्रास झाला, तरी तू पोरांना नेणार? ती जरा विचार करून म्हणाली, "त्रास झालो बाई. पण शालनबाईंनी माका खोटा सांगल्यानी नाय. तेवढा एकच माणूस होता." मग तिनं माझ्याकडचे घावणे खाल्ले आणि गेली.

मी तुझा लिफाफा तेव्हा उघडला. विषय तोच. 'कारण' या रकान्यात तू लिहिलं होतंस: वीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले आहे. खाली, आपली नम्र. नम्र म्हणे.

तर काल मंगळवार होता. सुरंगी अशी फुलली होती की खाली उभं राहिलं तर वासानं डोकं भणभणावं. बावीस मुलं आणि नयन. भाई आधीच येऊन उभा, हातात काठी, घराण्याच्या बाईला कोणी काही बोलेल तर बघून घेतो या तोंडानं. निळा रंग आता पोपडे धरून उडालाय. त्याच्याखाली काळा दगड दिसायला लागलाय. नयननं सांगितलं, तुझ्या रीतीनं, थोडक्यात, उजेडात, आवाज न बदलता. मी मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. एक मुलगी दोन वेण्या दाताखाली धरून ऐकत होती. ती तेच विचारणार हे मला आधीच कळलं, आणि तिनं तेच विचारलं. ती रडली काय.

नयन "माका ठावक..." एवढं म्हणाली आणि मी उठले. गुडघे कुरकुरले. भाईकडे मी पाहिलं नाही. मी मुलांना सांगितलं की ती रडली की नाही ते मलाही माहीत नाही. पण ती पळाली होती. इथून खाडीपर्यंत, जिथे आता पूल आहे तिथवर धावत गेली. पलीकडे आईकडे जायचं होतं तिला. तरीवाल्यानं नेलं नाही, आणि आमच्या घरातल्या माणसांनी तिला परत आणलं. हे आमच्या घरातल्या बायकांना माहीत होतं. त्यांनी एकमेकींना सांगून ते इतकी वर्षं जपून ठेवलं, आणि मीही ठेवलं, पण कोणाला सांगितलं नाही. ते मी चुकले.

मुलं खाडीच्या बाजूला वळून बघायला लागली. मग वेण्यावाली म्हणाली, तिनं पोहत जायला पाहिजे होतं. एक मुलगा म्हणाला, माझा आजा असता तर त्यानं नेलं असतं. दुसरा म्हणाला, तुझ्या आज्याकडे होडी कुठे आहे? त्यांचं तेवढ्यावरून सुरू झालं, होडी कोणी कशी वळवली असती, भरती होती की ओहोटी. बावीस मुलं मिळून तिला पलीकडे न्यायला लागली, शालन. मला तेव्हा रडू आलं. तुझ्यासाठी आलं, आणि तिच्यासाठी, आणि ते वाईट नव्हतं.

भाई पुढे आला. मला वाटलं आता काठी आपटणार. चाळीस वर्षं तोच गाऱ्हाणं घालतोय. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"वयनी, माका कोणी सांगल्यान नाय," तो म्हणाला. "मी आपलो राजीखुशीन, राजीखुशीन म्हणत रवलंय." मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि बाजूला सरकला. "गाऱ्हाणा आज तुमी घाला."

आमच्यात बाईनं गाऱ्हाणं घातल्याचं मी ऐकलेलं नाही. तू असतीस तर कोपरानं ढोसलं असतंस, म्हणून मी घातलं. शब्द काही ठरवलेले नव्हते. "बाये माउली, तू राजीखुशीन गेलंस नाय. तू पळाललंस. तुका परत हाडणारे आमचेच. इतकी वर्सां आमी खोटा सांगला, त्येची माफी कर. आणि ह्या पोरांतल्या एकाक पण कोणाच्या धाकान खंय जावचा लागा नये, असा कर गो माउली."

आणि मुलांना कोणी सांगितलं नव्हतं. जन्मल्यापासून देवळात ऐकलेलं, ते आपसूक आलं. बावीस जणांनी मिळून, सुरंगीवरचे भुंगे उठतील एवढ्या मोठ्यानं: "व्हय म्हाराजा." त्यात भाईचाही आवाज होता.

मग नयननं डोळे पुसले आणि म्हणाली, आता एकेकानं सांगायचं, सकाळी काय खाल्लं. पोहे, चहाबिस्कीट, उकडा भात, एकानं कालचा वाढदिवसाचा केक. भाईला विचारलं तर त्यानं हात बांधून, वर्गात उभं राहिल्यासारखं, पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा असं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मला आठवलं की काळजीनं मी सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं. वेण्यावालीनं आपल्या दप्तरातून कैरीची फोड काढून दिली, मीठ लावलेली. ती खात खात आम्ही शाळेत परतलो.

हे सगळं तुझ्यासमोर व्हायला हवं होतं. तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, निम्मं बरोबर होतं. त्या शनिवारचं तुझं चुकलंच होतं, आणि नयनचा बाप खरं बोलला होता. उरलेल्या निम्म्यावर मी एकोणीस वर्षं बसून राहिले, आणि तू माझ्याबरोबर घावणे खात राहिलीस. असं कोणी कोणासाठी करत नाही गो.

अर्ज समोर आहे. लाल पेन वाळून गेलंय, निळ्यानं लिहिते आहे. शेरा: मंजूर. प्रश्नाचे उत्तर देण्यात आले. विलंब माझ्याकडून झाला, अर्जदारास कळवावे.